रिकाम्या कोष्ठात पहिला प्रवेश कोणाचा?
कुक्कुटपालनातील हितकर जीवाणू आणि आपला कृमिविचार

२०२२ सालच्या श्रावणातील गोष्ट. सातारा जिल्ह्यातील माझ्या चिकित्सालयात एक तरुण शेतकरी आपल्या पाच वर्षांच्या मुलीस घेऊन आला. तीव्र ज्वर, उदरशूल व रक्तमिश्रित अतिसार अशी लक्षणे होती. मुलीचे बल क्षीण झालेले पाहून मी कोणताही प्रयोग न करता तिला त्याच दिवशी रुग्णालयात पाठविले. तेथे मलपरीक्षणात साल्मोनेला जातीचे जीवाणू आढळले. प्रथम योजलेल्या प्रतिजैविकास ते दाद देत नव्हते. अहवाल आल्यावर औषध बदलले, तेव्हा उतार पडला.

पंधरा दिवसांनी ते गृहस्थ भेटीस आले. बोलण्याच्या ओघात कळले, की घरामागेच त्यांची पाच हजार पक्ष्यांची पोल्ट्री आहे, मुलगी दिवसभर शेडमध्ये पिल्लांशी खेळते आणि नवी बॅच आली की पहिले पाच दिवस पाण्यातून ‘पावडर’ द्यावी लागते. ती पावडर म्हणजे प्रतिजैविक. मुलीचा आजार त्या शेडमधूनच आला, हे सिद्ध करण्याचे साधन माझ्याजवळ तेव्हा नव्हते व आजही नाही. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न मला टाळता आला नाही. “डॉक्टरसाहेब, ही पावडर बंद करून आपल्या आयुर्वेदातलं काही देता येईल का?”

मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, “ताक द्या.” हे उत्तर चुकीचे होते. ते का चुकले, हे समजून घेताना जे वाचन व विचार झाला, तो वैद्यबंधूंपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

खुडूक कोंबडी आणि उबवणी यंत्र

आपल्यापैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांनी खुडूक बसलेली कोंबडी पाहिली असेल. एकवीस दिवसांनी अंडी फुटतात, पिल्ले आईच्या पोटाखालून बाहेर येतात आणि तिच्यामागे उकिरड्यावर जातात. ती जे उकरते ते टिपतात, तिच्या विष्ठेने माखलेल्या मातीत चोच घालतात. आपणांस हे अशुचि वाटते. परंतु याच मार्गाने आईच्या आतड्यातील शेकडो प्रकारचे जीवाणू पिल्लाच्या कोष्ठात प्रवेश करतात व तेथे स्थिरावतात.

उबवणी केंद्रात जन्मलेल्या पिल्लास आई दिसतच नाही. यंत्रातून ते बाहेर पडते, पेटीत बसते, शेकडो किलोमीटर प्रवास करते आणि नव्या शेडमध्ये उतरते. त्याचे कोष्ठ जवळजवळ रिकामे असते, आणि रिकाम्या घरात जो प्रथम शिरतो तोच मालक होऊन बसतो. पहिल्या एक-दोन दिवसांत साल्मोनेलाचे बोटांवर मोजण्याइतके जीवाणूही पिल्लास बाधित करण्यास पुरतात. तेच पिल्लू काही आठवड्यांचे झाले, की लक्षावधी जीवाणू पोटात गेले तरी ते बहुधा बाधत नाहीत. हा फरक केवळ वयाचा नसून मधल्या काळात कोष्ठ भरले गेले, याचा आहे.

ही गोष्ट प्रयोगाने दाखविण्याचे श्रेय फिनलंडमधील एस्को नुर्मी व त्यांचे सहकारी रांटाला यांजकडे जाते. १९७१ मध्ये त्या देशात साल्मोनेला इन्फँटिस या जीवाणूचा कोंबड्यांत मोठा प्रादुर्भाव झाला होता. नुर्मी यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य पातळ करून एक-दोन दिवसांच्या पिल्लांना पाजले आणि नंतर त्यांना मुद्दाम साल्मोनेला दिला. ज्यांना काहीच पाजले नव्हते ती पिल्ले बाधित झाली. ज्यांना पाजले होते, त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पिल्ले बाधेपासून मुक्त राहिली. १९७३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. पुढे या तत्त्वास ‘कॉम्पिटिटिव्ह एक्स्क्लूजन’ असे नाव रूढ झाले. आपण त्यास ‘स्थानावरोध’ म्हणू. खुडूक कोंबडी जे विनासायास करीत होती, ते नुर्मी यांनी नळीने केले, इतकेच.

या हितकर जीवाणूंचे कार्य एकाच प्रकारे होत नाही. आतड्याच्या अंतस्त्वचेवर चिकटण्याच्या ज्या जागा आहेत त्या ते आधीच व्यापतात. उपलब्ध अन्नांश स्वतः खातात. कोंबडीच्या आतड्यास शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात. साल्मोनेलाचे हे आवडते वसतिस्थान. तेथे हे जीवाणू तंतुमय अन्नाचे विघटन करून ॲसेटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी अम्ले निर्माण करतात, आणि त्या अम्ल वातावरणात साल्मोनेलाची वाढ खुंटते. काही जीवाणू प्रतिस्पर्ध्यास मारक अशी प्रथिने स्रवतात. पिल्लाची स्वतःची व्याधिक्षमताही त्यांच्या सहवासात घडते.

फिनलंडमध्ये १९८० च्या दशकात या तत्त्वावरील उत्पादन बाजारात आले. उबवणी केंद्रातच पिल्लांवर फवारून किंवा पहिल्या पाण्यातून ते दिले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये एकोणतीस प्रकारच्या जीवाणूंचे अशाच स्वरूपाचे एक मिश्रण संमत केले. येथे एक मौज आहे. प्रौढ कोंबडीच्या आतड्यातून घेतलेले, घटक पूर्णपणे न ओळखलेले मिश्रण हे निवडक दोन-चार जातींच्या मिश्रणापेक्षा सामान्यतः अधिक गुणकारी ठरते. परंतु ज्यात नेमके काय आहे हे सांगता येत नाही, त्यास परवानगी देण्यास काही शासने धजत नाहीत, कारण त्यातून एखादा रोगजनकही जाऊ शकतो. वनस्पतीतील एकच कार्यकारी तत्त्व काढून द्यावे की समग्र द्रव्य द्यावे, हा आपल्या परिचयाचा वाद येथे निराळ्या वेषात भेटतो.

मात्र फिनलंडमधील यश केवळ या द्रावणाचे नव्हे. तेथे खाद्यावर उष्णतेची प्रक्रिया होते, उबवणी केंद्रांची व कळपांची नियमित तपासणी होते आणि बाधित कळप दूर केला जातो. १९९५ मध्ये युरोपीय संघात प्रवेश करताना कुक्कुटांतील साल्मोनेलाचे प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवण्याचा नियंत्रण कार्यक्रम त्या देशाने स्वीकारला. जाहिरातींत हा भाग गाळलेला असतो.

पशू निरोगी, मनुष्य रोगी

कोंबडीच्या पोटातील साल्मोनेला बहुतेक वेळा कोंबडीस आजारी पाडीत नाही. शेतकऱ्याचे वजन, खाद्य, मरतुक हे हिशेब बिघडत नाहीत, मग त्याने त्याची चिंता का करावी? आजारी पडतो तो मांस वा अंडे हाताळणारा, अर्धवट शिजवून खाणारा मनुष्य. गायीबैलांच्या बाबतीत याचे ठळक उदाहरण अमेरिकेत घडले. ई. कोलाय ओ-१५७ हा जीवाणू गुरांच्या आतड्यात सुखाने राहतो व त्यांस काहीही त्रास देत नाही. १९९३ मध्ये अर्धवट भाजलेल्या गोमांसाच्या वड्यांतून तो पसरला; सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार बालके दगावली. त्यानंतर कत्तलखान्याच्या स्वच्छतेबरोबरच गुरांच्या आतड्यातच त्याचे प्रमाण कसे घटवावे, याकडे संशोधकांचे लक्ष गेले. लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलसचा एक विशिष्ट वाण रोजच्या खाद्यातून दिल्यास शेणातून ओ-१५७ टाकणाऱ्या गुरांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते, असे तेथील प्रयोगांत दिसले. निम्म्यावर, शून्यावर नव्हे. तरीही हजारो गुरांच्या गोठ्यात निम्मे हा मोठा लाभ होय.

कोळंबीच्या तळ्यांत व्हिब्रिओ जीवाणूंविरुद्ध बॅसिलस जातीचे जीवाणू सोडण्याची पद्धत आपल्या किनाऱ्यांवरही रूढ आहे. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

प्रतिजैविकांचा सुकाळ

या सर्व खटाटोपाची निकड समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत असे लक्षात आले, की प्रतिजैविकाचा अल्प अंश खाद्यात मिसळला तर जनावरे अधिक वेगाने वाढतात. रोग नसताना, केवळ वजनासाठी, रोज औषध देण्याची प्रथा त्यातून जगभर पसरली. १९६९ मध्ये ब्रिटनमधील स्वान समितीने धोक्याचा इशारा दिला. १९८६ मध्ये स्वीडनने ही प्रथा बंद केली आणि १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघात ती बंद झाली.

आपल्याकडील कथा कोलिस्टिनची आहे. अतिदक्षता विभागात इतर सर्व उपाय थकल्यावर वैद्यक ज्या औषधाकडे वळते, तेच औषध कुक्कुटखाद्यात किलोकिलोने मिसळले जात असे. २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी या औषधास दाद न देणारे, आणि एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे जनुक शोधून काढले. त्यांच्या तपासणीत ते प्राण्यांत, मांसात व रुग्णांत आढळले. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने अन्नोत्पादक प्राणी, कुक्कुट, मत्स्यपालन व पशुखाद्य यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांस मनाई केली. ही अधिसूचना स्वागतार्हच आहे. परंतु एक पावडर गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, असे शेडवर दिसते. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य व औषध सर्व कंपनीकडून येते; शेतकऱ्याचे शेड, वीज, पाणी व श्रम. कोणती पुडी पाण्यात टाकावयाची, हे तो ठरवीत नाही. त्यास उपदेश करणे सोपे आहे; त्याच्या डोक्यावर शेडचे कर्ज असते.

कृमिविचार : कोठे जुळते, कोठे नाही

आता आपल्या शास्त्राकडे वळू. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात वीस प्रकारचे कृमी सांगताना सहज कृमी त्यांतून वगळले आहेत, आणि हे सहज कृमी विकार करणारे नसून ते वीसहूनही अधिक आहेत, असे चक्रपाणींनी टीकेत स्पष्ट केले आहे. शरीरात जन्मतः असणारे व अपाय न करणारे सूक्ष्म जीव ही कल्पना आपल्या पूर्वसूरींना परकी नव्हती, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो. यापलीकडे जाऊन “चरकांस लॅक्टोबॅसिलस ठाऊक होता” असे व्यासपीठावरून सांगणारे व्याख्याते मी ऐकले आहेत. अशा विधानांनी शास्त्राचा गौरव होत नाही.

त्याच अध्यायातील त्रिविध उपक्रम मला अधिक मोलाचा वाटतो. अपकर्षण म्हणजे कृमी काढून टाकणे, प्रकृतिविघात म्हणजे ज्या परिस्थितीत ते वाढतात ती पालटणे, आणि निदानपरिवर्जन म्हणजे कारण टाळणे. स्थानावरोधाचे तत्त्व हे प्रकृतिविघाताच्या जवळ जाते : शत्रूस मारावयाचे नाही, त्यास राहण्याजोगी भूमी उरू द्यावयाची नाही. स्वच्छ उबवणी, कोरडा तूस, निर्जंतुक खाद्य हे निदानपरिवर्जन. फिनलंडने दुसरा व तिसरा उपक्रम एकत्र योजला. आपण मात्र पहिल्यावरच, तोही प्रतिजैविकाच्या रूपाने, भिस्त ठेवून बसलो.

परंतु साम्य येथेच थांबते, आणि हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चरकांनी प्रकृतिविघातासाठी सांगितलेली द्रव्ये कटु, तिक्त, कषाय, क्षार व उष्ण आहेत. हितकर जीवाणूंचे शस्त्र आहे अम्ल. माधवनिदानात तर मधुर व अम्ल रसांचे नित्य सेवन हे कृमींचे कारण म्हणून येते. तेव्हा “प्रोबायोटिक म्हणजे ताक, ताक म्हणजे कृमिघ्न” हे समीकरण ग्रंथाधारेही सहज सुटत नाही. ग्रहणी व अर्श यांत तक्राची थोरवी निर्विवाद आहे. पण ज्या सुश्रुतांनी तक्राचे गुण वर्णिले, त्यांनीच क्षत असता, उष्णकाळी, दुर्बलास ते देऊ नये असेही बजावले आहे. द्रव्य कितीही हितकर असो, देश, काल व पात्र पाहिल्यावाचून ते देऊ नये, ही शिस्त आपली. आणि नेमकी तीच मी मोडली.

आणखी एक गोष्ट. पशुचिकित्सेची आपली परंपरा मोठी आहे. पालकाप्यांनी हत्तींचा विचार केला, शालिहोत्रांनी अश्वांचा. राजाच्या पदरचे प्राणी ते! कुक्कुटाची भेट मात्र आपणांस प्रामुख्याने अन्नपानातील मांसवर्गात होते. पाच हजार पक्ष्यांच्या शेडविषयी ग्रंथ मूक आहेत, आणि ते स्वाभाविक आहे.

ताकाची हकीकत

माझ्या सांगण्यावरून त्या शेतकऱ्याने नव्या बॅचच्या पहिल्या दिवसापासून घरच्या म्हशीचे ताक गाळून पाण्याच्या टाकीत ओतले. चौथ्या दिवशी त्यांचा दूरध्वनी आला. ताकातील दुधाचा अंश निपलमध्ये अडकून अर्ध्या ओळी बंद पडल्या होत्या. पिल्ले तहानेने निपलवर चोची आपटीत होती. नळी सोडवून पाहिली तेव्हा आत बुळबुळीत थर साचलेला आढळला. असा थर म्हणजे अपायकारक जीवाणूंची वसाहतच. मी त्या दिवशी स्वतः शेडवर गेलो. त्या बॅचमध्ये मरतुक नेहमीपेक्षा अधिक झाली आणि तिचा भुर्दंड माझ्यावर नव्हे, त्यांच्यावर पडला. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, हे मला अधिक लागले.

चुका किती झाल्या, ते नंतर एका अनुभवी पशुवैद्यांनी मला समजावून दिले. टाकीतील पाण्यात ब्लीचिंग पावडर होती. ताकातील जिवंत जीवाणू तेथेच मोठ्या प्रमाणात मृत झाले असणार. कंपनीची प्रतिजैविकाची पुडी सकाळच्या पाण्यात चालूच होती. जे उरले ते तिने मारले. एका हाताने पेरावे आणि दुसऱ्या हाताने तणनाशक फवारावे, तसा हा प्रकार. आणि मुळात घरच्या दह्यातील जीवाणू हे दुधात वाढणारे. कोंबडीचे आतडे हे त्यांचे घर नव्हे. ते येतात व निघून जातात, स्थिरावत नाहीत. एका प्राण्यास उपयुक्त ठरलेला वाण दुसऱ्यास ठरेलच असे नाही, इतकेच नव्हे तर एकाच जातीच्या दोन वाणांचे गुण भिन्न असतात.

शिवाय पशूंवर चिकित्सा करणे हे आपले क्षेत्रच नव्हे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार तो नोंदणीकृत पशुवैद्यकांचा अधिकार आहे. ग्रामीण भागात लोक आपणांस गायीपासून कोंबडीपर्यंत सर्व काही विचारतात आणि आपणही भिडेस्तव सांगून मोकळे होतो. माझ्यासारख्या इतरांनी निदान या अनुभवावरून सावध व्हावे.

त्या पशुवैद्यांनी पुढील बॅचसाठी जे ठरविले ते असे. कंपनीच्या पर्यवेक्षकाशी बोलून, पिल्ले निरोगी असतील तर पहिल्या आठवड्यातील प्रतिजैविक थांबविण्यास त्यांनी संमती मिळविली. हे काम सर्वांत कठीण होते. पिल्ले येण्यापूर्वी पाण्याच्या नळ्या आम्लाने धुऊन घेतल्या. ज्या पाण्यातून हितकर जीवाणू द्यावयाचे त्या पाण्यात क्लोरीन टाकले नाही. लस देताना क्लोरीनचा प्रभाव घालविण्यासाठी साय काढलेल्या दुधाची भुकटी अल्प प्रमाणात घालतात, ती युक्ती शेतकऱ्यास ठाऊकच होती. पहिल्या दिवशी, पहिल्याच पाण्यातून मात्रा दिली. पुढे खाद्यातून बॅसिलस जातीचे जीवाणू दिले, कारण खाद्याच्या गोळ्या करताना ऐंशी अंशांच्या आसपास उष्णता लागते. तीत लॅक्टोबॅसिलस टिकत नाहीत, बॅसिलसची बीजाणुरूपे टिकतात.

उत्पादनाची निवड करताना त्यांनी वेष्टनावर तीन गोष्टी पाहिल्या : जीवाणूच्या जातीबरोबर वाणाचे नाव वा क्रमांक दिला आहे काय, प्रत्येक ग्रॅममध्ये जिवंत जीवाणूंची संख्या किती आणि ती मुदत संपेपर्यंतची आहे की केवळ निर्मितीच्या दिवसाची, व साठवण कोणत्या तापमानात करावयाची. दुकानात पत्र्याखाली वैशाख काढलेल्या पुडीत जिवंत काय उरणार? आणखी एक दक्षता त्यांनी सांगितली ती मला नवीन होती. प्रोबायोटिक म्हणून दिला जाणारा जीवाणू, विशेषतः एन्टरोकॉकस जातीचा, स्वतःच प्रतिजैविकरोधी जनुके वाहणारा असू शकतो. तो तपासलेला नसेल तर ज्या अनर्थातून सुटावयाचे, तोच आपण पाण्यातून पाजतो.

बाधा होऊन गेलेल्या कळपात या जीवाणूंचा फारसा उपयोग नाही, हेही त्यांनी निक्षून सांगितले. खरोखर रोग झाला तर प्रतिजैविक द्यावेच लागते. ते संपल्यावर मात्र उजाड झालेले कोष्ठ पुन्हा वसविण्यास हितकर जीवाणू द्यावे, असा क्रम आहे. हे ऐकताना मला शोधनानंतरचा संसर्जनक्रम आठवला, आणि हे साम्य मी त्यांना सांगितले तेव्हा तेही हसून ‘बरोबर’ म्हणाले.

त्यानंतर त्या शेडमध्ये अनेक बॅच निघाल्या. काहींत मरतुक कमी झाली. एका पावसाळी बॅचमध्ये पुन्हा प्रतिजैविक द्यावे लागले. ओल्या तुसाचा तो दोष होता, असे पशुवैद्यांचे मत पडले. एका शेडच्या अनुभवावरून निष्कर्ष काढण्याचा मोह मी आवरतो. माझ्या चिकित्सालयात मात्र एक बदल कायमचा झाला : अतिसाराचा वा ज्वराचा रुग्ण पोल्ट्री अथवा गोठा असलेल्या घरातून आला, की जनावरांना सध्या कोणते औषध चालू आहे, हे मी विचारतो व केसपेपरवर लिहितो.

शेडच्या दाराशी आता पायधुण्याची कुंडी आहे आणि दोरीला साबण टांगलेला आहे. ती मुलगी यंदा तिसरीत आहे. पिल्लांच्या शेडमध्ये जाण्यास तिला सक्त मनाई आहे. ती मनाई ती पाळत नाही, अशी तिच्या वडिलांची तक्रार असते.